पुन्हा ढोरंच का? जनावरांच्या दवाखान्यातील तीन दिवस



मुलगा किंवा मुलगी दहावी-बारावी झाली की आपल्या घरांतून ठरलेल्या नोकऱ्यांची नावे निघतात. रेल्वे, नगरपालिका, पोलीस, बँक, शाळा. मुलगी असेल तर नर्स. जनावरांच्या दवाखान्यातील नोकरीचे नाव आम्ही तरी कुणाच्या ओट्यावर निघालेले ऐकले नव्हते. निघालेच तर वडीलधारी माणसे तोंड फिरवतात. का फिरवतात हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याविषयी पुढे लिहिणारच आहोत.

सन २०२२ च्या सप्टेंबर महिन्यात आम्हांस मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी साठा नोंदवह्या तपासण्यासाठी तीन दिवस जावे लागले. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. जनावरांतले आम्हांला ओ की ठो कळत नव्हते. आवक इतकी, खर्च इतका, शिल्लक जुळली की सही, एवढीच आमची विद्या. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे पत्र्याचा व्हरांडा, समोर लिंबाचे झाड आणि झाडाखाली लोखंडी खोडा. उपचाराच्या वेळी जनावर हलू नये म्हणून नळ्या लावून केलेल्या चौकटीला खोडा म्हणतात. आमचे टेबल व्हरांड्यात मांडले होते. त्यामुळे एक डोळा वहीवर आणि एक डोळा खोड्यावर, असे आमचे तीन दिवस गेले.

डॉक्टर मॅडमकडे शेजारच्या दवाखान्याचाही कार्यभार होता. त्या अर्धा दिवस तिकडे, अर्धा इकडे. सकाळी दवाखाना उघडायचा तो पशुधन पर्यवेक्षक. वय पस्तीसच्या आत-बाहेर, अंगावर विटलेला पांढरा कोट. सोबतीला निवृत्तीला आलेले परिचर काका. पहिल्याच चहाला 'जय भीम' झाला, ओळख निघाली. आम्ही साहेबाचे दादा झालो आणि वहीतल्या औषधांचा अर्थ आम्हांला कळू लागला.

त्या दिवसांत लम्पीची साथ भरात होती. गुरांचे बाजार बंद होते. अंगभर गाठी आलेल्या, पाय सुजलेल्या गाई रांगेने झाडाखाली उभ्या असत. हा रोग माश्या, डास, गोचीड यांच्यामुळे पसरतो, माणसाला होत नाही, दूध उकळून खुशाल प्या, हे तो गृहस्थ दिवसातून पन्नास वेळा सांगत होता, कारण लोक भीतीने दूध ओतून देत होते. बाधित गावाच्या पाच किलोमीटरच्या परिसरात लसीकरण चालू होते. लस बर्फाच्या डब्यात, आणि प्रत्येक जनावराला नवी सुई. एकाच सुईने दहा जनावरे टोचली तर लस द्यायला गेलेला माणूसच रोग वाटत फिरतो, असे तो म्हणाला.

त्याची तपासण्याची रीत पाहण्यासारखी. जनावर आले की तो आधी मालकाशी बोलतो. वैरण कधी खाल्ली? रवंथ करते का? शेण कसे टाकते? मग शेपटी उचलून थर्मामीटर. गाईचे अंग निरोगीपणीच १०१ ते १०२ अंश असते. माणसाचा हिशेब लावला तर प्रत्येक गाय तापाची ठरेल. त्यानंतर डाव्या भकाळीवर मूठ दाबून तो घड्याळाकडे पाहत उभा राही. आतले मोठे पोट दोन मिनिटांत दोन-तीनदा हलले पाहिजे, ते मुठीला कळते. आम्हांलाही त्याने मूठ ठेवायला लावली. आत कुणीतरी सावकाश कूस बदलावी तसे वाटले. आम्ही घाबरून हात काढला, तेव्हा काका हसले.

एका गाईच्या पायावरची गाठ फुटून तिच्यात अळ्या झाल्या होत्या. वास असा, की आम्ही चहाचा कप खाली ठेवला. त्याने टर्पेंटाइनचा बोळा आत धरला, अळ्या वर येऊ लागल्या तशा चिमट्याने एक-एक काढल्या, जखम धुतली, पुन्हा बोळा धरला. चाळीस मिनिटे गेली. शेतकऱ्याने मध्येच 'राहू द्या आता' म्हटले. हा म्हणाला, 'एक राहिली तरी उद्या पुन्हा तेवढ्याच.'

गावचे लोक त्याला 'डॉक्टर' म्हणत. तो दर वेळी 'डॉक्टर मॅडम चारला येतील' असे उत्तर देई. यात नम्रता थोडी आणि कायदा जास्त. सन १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा. पदविकाधारकास राज्य शासनाच्या परवानगीने, आणि तेही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, लसीकरण, खच्चीकरण, मलमपट्टी यांसारख्या प्राथमिक सेवा देता येतात. त्यापलीकडे पाऊल टाकले आणि जनावर दगावले, तर गाव आधी कुणाची कॉलर धरील हे आपणांस सांगायला नको.

तोंडात हात घाला, म्हणाला

पहिल्या दिवशी दुपारी एका बागायतदाराने टेम्पोतून बैल आणला. दोन दिवस झाले वैरण गिळत नाही, तोंडातून लाळेच्या तारा, ओरडतो तर आवाज घोगरा. मालकाचे म्हणणे, घशात काही तरी अडकले आहे. 'तोंडात हात घाला आणि काढा.' काका सवयीने बाह्या सरसावून पुढे झाले. तो एवढ्या जोराने ओरडला की झाडाखालच्या गाई बिचकल्या. 'काका, हात नाही घालायचा!'

मालक तापला. 'एवढं साधं काम नाही जमत? मग पगार कशाचा घेता?' वर, ऐकू जाईल इतपत हळू, आणखी एक वाक्य बोलला. ते आम्ही येथे लिहीत नाही. आमचे रक्त तापले, आम्ही खुर्चीवरून अर्धे उठलोही. पण पर्यवेक्षकाच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. त्याने बैल टेम्पोतून उतरूच दिला नाही आणि विचारले, 'महिन्याभरात कुत्रं आलं होतं का मळ्यात?'

आले होते. तीन आठवड्यांपूर्वी एक मोकाट कुत्रे गोठ्यापाशी भुंकत, चावत फिरले होते.

मॅडमना फोन गेला, त्या काम टाकून आल्या. पाहणी केली आणि पिसाळल्याचाच संशय धरून चालायचे असे सांगितले. पिसाळलेल्या गुराला गिळता येत नाही, म्हणून घशात अडकल्यासारखे दिसते. कनवाळू माणूस तोंडात हात घालतो, आणि बोटाला एखादी चीर असेल तर लाळेतून रोग आत जातो. माणसात या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की डॉक्टरांच्या हाती काही उरत नाही. वाचायचा वेळ असतो तो त्याआधीचा.

आता महत्त्वाचे. पर्यवेक्षक कागद घेऊन बसला. 'दोन दिवसांत बैलाच्या तोंडात कुणी कुणी हात घातला? लाळ कुणाला लागली? नावं सांगा.' मालकाने स्वतःचे नाव सांगितले, धाकट्या भावाचे सांगितले, पिठाचे गोळे भरवले म्हणून बायकोचे सांगितले. यादी संपली. पर्यवेक्षकाने पेन उचलले नाही.

'आणि गोठा कोण काढतं?'

'गोठा? ती आमची बाई येते वस्तीवरची.'

'तिचं नाव?'

मालकाला नाव आठवायला वेळ लागला. घरची मंडळी तिला हाकच निराळी मारीत असावीत. शेवटी फोन करून विचारले, तेव्हा चौथे नाव कागदावर आले. चौघांनीही हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावेत आणि आजच सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी, असे मॅडमनी बजावले. बाईंना रुग्णालयात कोण नेणार, हे मात्र सांगावे लागले. 'तुमच्याच गाडीतून', पर्यवेक्षक म्हणाला. संध्याकाळी रुग्णालयात फोन करून चारही माणसे पोहोचल्याची त्याने खातरजमा केली, तेव्हा कुठे जेवायला उठला.

आमच्या कारकुनी डोक्यात एकच गोष्ट बसली. यादी घेणाऱ्याच्या ध्यानी गोठा काढणारी बाई आली नसती, तर ती यादीत आली नसती.

आजीचा प्रश्न

रात्री मुक्काम त्याच्याच घरी. जेवताना तो म्हणाला, 'दादा, नोकरीची ऑर्डर घेऊन घरी गेलो तेव्हा आजी दोन दिवस बोलली नाही.' आजीचे लग्न १९५६ च्या सुमाराचे. त्यांच्या गावच्या वस्तीने मेलेली ढोरे ओढण्याचे सोडले, तेव्हा गावाने वस्तीचे पाणी, किराणा, शेतातले काम सारे बंद केले होते. आजी नवी नवरी. तीन कोसांवरून डोक्यावर पाणी आणीत असे. तिसऱ्या दिवशी ती बोलली ती एवढेच, 'ते सोडण्यापायी आम्ही काय भोगलं. आन् तू शिकून सवरून पुन्हा ढोरंच का?'

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मृत जनावरांचे मांस आणि ती ओढण्याची सक्ती सोडा असे सांगितले, हे आपण जयंतीला दरवर्षी ऐकतो. त्या सोडण्याची किंमत घरोघरी कुणी मोजली, हे मात्र आजीसारखी माणसे गेली की कळायचे नाही.

'मग तुम्ही काय उत्तर दिलं?' आम्ही विचारले.

'उत्तर नाही दिलं. दवाखान्यात घेऊन आलो. ती खोड्याजवळ बसून राहिली दिवसभर. घरी जाताना म्हणाली, तुमच्या त्या बाटल्यांवर लिहिलेलं तुला सगळं वाचता येतं का?'

बोलता बोलता काळपुळीचा विषय निघाला. डॉक्टर लोक तिला अँथ्रॅक्स म्हणतात. जनावर अचानक मरते, पोट फुगते, नाकातून-गुदद्वारातून काळसर रक्त येते आणि ते गोठत नाही. असे जनावर फाडायचे नाही, हा पहिला नियम. फाडले तर हवा लागून जंतू कवच धरतात आणि मातीत कित्येक वर्षे जिवंत राहतात. खोल खड्डा, चुना, आणि आसपास गुरे चारू नयेत. कातडी सोलणाऱ्याच्या हातावर आधी खाजरी पुळी येते, मग मधोमध काळी खपली. ती दुखत नाही. आज पेनिसिलिनसारख्या औषधाने बरी होते.

आमचा घास तोंडातच राहिला. आमच्या आजोबांच्या उजव्या मनगटावर रुपयाएवढा खोलगट काळसर वण होता. लहानपणी आम्ही त्यात बोट घालून खेळत असू. आजोबा म्हणत, 'एका ढोरानं दिलेलं आहे.' त्या साथीत त्यांचा थोरला भाऊ गेला, असे आमच्या वडिलांच्या बोलण्यात येई. तो वण काळपुळीचाच होता असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही डॉक्टर नव्हे. पण जे जनावर फाडू नये असे आज पुस्तकात छापले आहे, तेच उघड्या हातांनी फाडण्याची सक्ती आमच्या आजोबांवर होती. नाही म्हणायची त्यांना सोय नव्हती, आणि का नाही म्हणायचे हे सांगणारेही कुणी नव्हते.

दुसऱ्या रात्रीचा प्रसंग थोडा बरा. कालच व्यालेली एक संकरित गाय मान कुशीवर टाकून निपचित पडल्याचा निरोप आला. मॅडम पुढे, पर्यवेक्षकाच्या मोटारसायकलवर मागे आम्ही, बघे म्हणून. हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग थंडगार असते. दुधात कॅल्शियम उतरल्याने रक्तात ते कमी पडते. कॅल्शियमची बाटली त्याने कोमट पाण्यात धरून ठेवली होती. मॅडमनी शिरेत सुई घातली आणि छातीला नळी लावून बसल्या. त्या 'खाली' म्हणाल्या की हा बाटली वीतभर खाली घेई, 'वर' म्हणाल्या की वर. औषध भराभर गेले तर हृदयच थांबते. अर्धा तास दोघे त्या दोन शब्दांपलीकडे काही बोलले नाहीत. मग गाईने ढेकर दिला, शेण टाकले आणि थोड्या वेळाने धडपडत उभी राहिली. घरच्या म्हातारीने दोघांच्याही हातावर गूळ ठेवला. आम्हांलाही मिळाला, काही न करता.

वहीतील कोरा रकाना

आता आमच्या कामाचे. नोंदवहीत वेदनाशामक म्हणून मेलोक्सिकॅम होते. आम्ही विचारले, माणसाला देतात ते डायक्लोफिनॅक स्वस्त पडत नाही का? तो म्हणाला, जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की गिधाडे मरतात. आपल्या लहानपणी हाडकीवर दिसणारी गिधाडे कुठे गेली, याचे उत्तर आम्हांला साठा तपासताना मिळेल असे वाटले नव्हते.

पण आमचे पेन अडले ते रबरी हातमोजांच्या पानावर. अकरा महिने शिल्लक शून्य. मग वार अडकलेल्या गाईची वार काढताना काय घालता? काकांनी कोपऱ्यातल्या दुधाच्या प्लॅस्टिक पिशव्या दाखवल्या. गाभडलेल्या गाईच्या वारेत सांसर्गिक गर्भपाताचे जंतू असू शकतात. ते माणसाच्या अंगात शिरले तर ताप येतो, जातो, पुन्हा येतो, सांधे धरतात, आणि गावचा डॉक्टर टायफॉइड समजून गोळ्या देत राहतो. कालवडींना या रोगाची लस टोचताना सुई स्वतःच्या बोटाला लागली तरी बाधा होऊ शकते, कारण लस जिवंत जंतूंची असते. पिसाळण्यावरची लस आधीच घेऊन ठेवता येते. पर्यवेक्षकाने ती घेतली होती, स्वतःच्या पैशाने. काकांनी घेतली नव्हती. 'मला कोण सांगणार?' ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षक त्यांना घेऊन रुग्णालयात गेला. हे आधीच का केले नाही, असे आम्ही त्याला विचारले. तो खाली मान घालून गप्प राहिला.

ज्या घरांत या कामाचा विचार होईल त्यांच्यासाठी दोन शब्द. या क्षेत्रातील पदविका नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडून मिळते. अभ्यासक्रमाचे नियम बदलत असतात, म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, आणि खासगी संस्थेत फी भरण्यापूर्वी तिला या विद्यापीठाची मान्यता आहे का ते पाहावे. एजंटाच्या तोंडी भरवशावर दागिने मोडलेली घरे आम्ही पाहिली आहेत. डॉक्टरच व्हायचे तर बारावी सायन्स, नीट परीक्षा आणि साडेपाच वर्षे. मुंबईत परळला, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे महाविद्यालये आहेत. परळचे १८८६ सालापासूनचे. बचत गटांतील भगिनी 'पशुसखी' म्हणून गावात शेळ्यांच्या जंतनाशकाचे, लसीकरणाच्या मदतीचे काम करतात, तेही पाहण्यासारखे. मुंबई-पुण्याच्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यांत आपल्या वस्त्यांतील बरीच मुले मदतनीस आहेत. त्यांनी मालकाकडे निदान तीन गोष्टी मागाव्यात: नेमणुकीचा कागद, पिसाळण्यावरची लस, आणि एक्स-रेच्या वेळी जनावर धरून उभे राहायचे असेल तर शिशाचा एप्रन. मागायला संकोच वाटला तर दोघे-तिघे मिळून जावे.

तिसऱ्या दिवशी सकाळी बैल मेला. दहाच्या सुमारास दवाखान्यात फोन आला. बोलणारा गावच्या पुढाऱ्यांपैकी होता. पर्यवेक्षकाने फोन टेबलावर ठेवला होता, म्हणून आम्हांलाही ऐकू आले. 'बैल ओढून पुरायचाय. तुमच्या वस्तीतली चार माणसं पाठवा. तुमचं ऐकतील.'

काकांनी आमच्याकडे पाहिले, आम्ही वहीकडे.

तो म्हणाला, 'ते काम ग्रामपंचायतीचं आहे, साहेब. जेसीबी सांगा. खड्डा सहा फूट खोल, विहिरीपासून लांब, वर-खाली चुना. बैलाच्या तोंडाला कुणी उघडा हात लावायचा नाही. मी येतो, कसं करायचं ते उभं राहून सांगतो. चार माणसं लागतील ती तुमच्या जवळची घ्या, हातमोजे घालूनच.'

पलीकडून काही क्षण आवाज नव्हता. मग 'बघतो' म्हणून फोन बंद झाला. दुपारी जेसीबी आला. पर्यवेक्षक खड्ड्याच्या काठावर छत्री घेऊन उभा होता, पाऊस भुरभुरत होता, आणि मालकाचा भाऊ चुन्याची पोती स्वतः फोडीत होता. आमच्या एस.टी.ची वेळ झाली, म्हणून पुढचे पाहता आले नाही. ती बाई लसीच्या साऱ्या तारखांना जाऊन आली, एवढे नंतर फोनवर कळले.

आम्ही आमच्या अहवालात हातमोजांचे पान लाल शाईने नमूद केले. त्यावर खुलासा मागवला गेला, खुलाशावर शेरा आला, शेऱ्यावर पुन्हा पत्र. आमच्या टेबलावरून असे कागद रोज जातात; हा मात्र आम्ही हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत नेला. पुढल्या मार्चमध्ये पर्यवेक्षकाचा फोन आला.

'दादा, हातमोजांची पेटी आली.'

आम्ही म्हटले, 'छान झाले.'

'सहा नंबर आलाय. काकांचा हात आठचा.'

आम्ही नवीन पत्राचा मसुदा लिहायला घेतला.